एक किलोला शून्य

सोमवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. साहेबांनी नमस्कार म्हणायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय हो, माझा केक हवेचा आहे का?"

साहेबांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचा छोटा कारखाना होता. खाली जोडणी, वर ऑफिस. बेकरीवाल्या बाईंची अकरा दुकानं होती आणि मागच्याच आठवड्यात त्या सगळ्या दुकानांत साहेबांचे नवे कोरे काटे बसले होते. काटे देखणे होते. पाव ठेवा, बिस्किटं ठेवा, वजन बिनचूक. फक्त बरोबर एक किलोचा केक ठेवला की काटा शून्य दाखवायचा.

"नऊशे पंच्याण्णव ग्रॅमला नीट दाखवतो," बाई म्हणाल्या, "एक हजार पाचला नीट दाखवतो. एक किलो ठेवला की शून्य! आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो एक किलोचाच. माझा कारागीर वीस वर्षं नुसत्या हाताच्या अंदाजाने बरोबर एक किलोचा केक करतोय. त्याला आता काय सांगू, जरा चुकत जा म्हणून? काल एक गिऱ्हाईक मला म्हणालं, काट्यावर शून्य आहे, मग पैसेही शून्यच घ्या."

साहेबांनी फोन ठेवला आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना आपल्या टेबलाभोवती बोलावलं. सगळे म्हणजे चौघं. त्या चौघांत साहेबांची नजर थेट अचूकरावांवर गेली.

काट्याच्या पोटात नखाएवढी चिप असते. तिने काय करायचं, कसं मोजायचं, काय दाखवायचं, हा सगळा प्रोग्राम अचूकराव लिहीत. 'अचूकराव' हे काही त्यांचं घरचं नाव नव्हे. सूचनाफलकावर कुणी 'पाणि जपून वापरा' असं लिहिलं, तर पुढच्या दहा मिनिटांत ती वेलांटी लाल शाईने दीर्घ झालेली असे. खालचे मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना शुभेच्छापत्र दिलं, तेही अचूकरावांच्या हातून जाताना दोन ठिकाणी लाल होऊन गेलं. लोक आधी पाठीमागे अचूकराव म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. चेष्टा होती, पण ती पदवी आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती दूर करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

"काय झालं असेल हो?" साहेबांनी विचारलं.

अचूकरावांनी क्षणभरही विचार केला नाही. "माझा प्रोग्राम बरोबर आहे. दोष कंपायलरचा आहे."

"म्हणजे कुणाचा?"

"हे बघा साहेब. मी जी भाषा लिहितो ती चिपला कळत नाही. मधे एक दुभाषी लागतो. तो कंपायलर. आता मी बोललो बरोबर आणि दुभाष्याने सांगितलं भलतंच, तर त्यात माझा काय दोष?"

"आपण हा दुभाषी आणला कुठून?"

"तयार पॅकेज. कुणीतरी आपल्या घरी बसून आधीच बांधून ठेवलेलं असतं. आपण एक ओळ टाइप करायची, मिनिटभरात बसतं. मागच्या महिन्यात त्याचं नवं पॅकेज आलं, ते मी बसवलं. तिथेच माशी शिंकली." अचूकरावांनी चष्मा पुसला. "परक्याने बांधलेलं. आत काय घातलंय, कसं घातलंय, देव जाणे! खरं तर त्याचा मूळ कोड, म्हणजे ज्या मजकुरातून तो बनतो तो, कुणालाही मिळतो. तो आणून कंपायलर आपण आपल्या हाताने बांधायला पाहिजे. घरचा."

'घरचा' हा शब्द साहेबांना फार आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. "घरचा कंपायलर. वा! किती दिवस?"

"तीन."

कोपऱ्यातल्या टेबलावर तपासणीच्या ताई बसत. पाच ग्रॅमपासून दहा किलोपर्यंतची पितळी वजनं दिवसभर काट्यांवर चढवायची, उतरवायची आणि काटा खरं बोलतो की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. त्या हळूच म्हणाल्या, "पण त्याआधी प्रोग्राम एकदा बघून घेतला तर?"

"ताई," अचूकराव म्हणाले, "प्रोग्राम मी लिहिलाय."

विषय तिथेच संपला.

मूळ कोड दुपारपर्यंत उतरला. सोबतच्या सूचनांच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की, हे बांधायच्या आधी आणखी तीन गोष्टी बांधलेल्या हव्यात. त्या तिन्हींच्या सूचनांत प्रत्येकी दोन-दोन गोष्टी निघाल्या. सदरा शिवायला म्हणून बसावं आणि पहिली पायरी कापूस पेरायची निघावी, तशी गत. संध्याकाळपर्यंत अचूकराव मूळ कामापासून इतके लांब गेले होते की, आपण नक्की काय करायला निघालो होतो हे आठवायला त्यांना वहीचं पहिलं पान उलटावं लागलं.

साहेब कौतुकाने शेजारी येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"कंपायलर बांधायला आधी एक कंपायलर लागतो. तो बसवतोय."

"तो कुठून आणला?"

अचूकराव जरा घुटमळले. "तयार पॅकेज आहे. पण तात्पुरतं."

"असं होय!" साहेब म्हणाले. त्यांना काही खटकलं नाही. अचूकरावांना खटकलं, पण ते त्यांनी गिळलं.

मंगळवारी त्यांच्या कॉम्प्युटरने हात टेकले. एवढं मोठं काम त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग साहेबांचा नवा कॉम्प्युटर कामाला जुंपला. तोही पुरेना, म्हणून ताईंचा घेतला. ताईंचं सगळं मोजमाप त्या कॉम्प्युटरवर नोंदलं जाई. त्यांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं आणि हाताने आकडे लिहायला सुरुवात केली. तिन्ही यंत्रं अशी तापली की ऑफिसातले तिन्ही पंखे त्यांच्याकडे वळवावे लागले, आणि माणसं रुमालाने वारा घेत बसली. साहेबांना कॉम्प्युटर नसल्याने काहीच काम उरलं नाही. त्यामुळे ते येईल त्याला फोनवर सांगत सुटले, "आमच्याकडे घरचा कंपायलर बांधताहेत. हो हो, इथेच. आमचे अचूकराव!"

बुधवारी सगळे जेवायला गेले असताना साहेबांचा कॉम्प्युटर, कुणी हात लावत नाही असं पाहून, आपणहून झोपी गेला आणि निम्मं बांधकाम त्याच्याबरोबर झोपलं. पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी गाडी ब्याण्णव टक्क्यांपर्यंत आली आणि तिथे थांबली. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली. तिचा अर्थ अचूकरावांना कळेना. त्यांनी ती ओळ इंटरनेटवर शोधली. नऊ वर्षांपूर्वी कुण्या एका बिचाऱ्याला तीच ओळ आली होती. त्याने मदत मागितली होती आणि दोन दिवसांनी स्वतःच खाली लिहिलं होतं, 'सुटलं! सगळ्यांचे आभार.' कसं सुटलं, याबद्दल अवाक्षर नाही. त्याखाली आणखी एकाने विचारलं होतं, 'एवढा खटाटोप कशाला? तयार पॅकेज बसवा की.' अचूकरावांनी ते पान रागारागाने बंद केलं.

शुक्रवारी त्यांनी बांधकाम पाचव्यांदा सुरू केलं. तीन दिवसांचे पाच झाले होते. आकडा मुंगीच्या पावलाने सरकत होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. दाढी करायला बसलेला माणूस आपला नंबर येईपर्यंत समोरचं जुनं वर्तमानपत्र उचलतो, तसा त्यांनी उगीच आपला प्रोग्राम उघडला आणि वाचायला सुरुवात केली.

काटे रवाना व्हायच्या आदल्या दिवशी, ताईंची तपासणी पूर्ण झाल्यावर, त्यांनी त्यात जाता जाता एक छोटीशी सुधारणा केली होती. कमी वजन ग्रॅममध्ये दिसावं, जास्त वजन किलोत. 'वजन हजारपेक्षा कमी असेल तर ग्रॅममध्ये दाखव,' असं त्यांनी चिपला सांगितलं होतं. 'हजारपेक्षा जास्त असेल तर किलोत दाखव,' असंही सांगितलं होतं. बरोबर हजार असेल तर काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं. ती बापडी चिप मग काही न सुचून शून्य दाखवत होती. दुभाष्याने अक्षर न अक्षर खरं सांगितलं होतं. बोलणाऱ्यानेच वाक्य अर्धं सोडलं होतं.

अचूकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ताई रजिस्टरमध्ये मान खाली घालून आकडे लिहीत होत्या. जोडणीची आखणी करायला वर बसणारा शेजारचा जोडणीवाला घामाघूम होऊन पुठ्ठ्याने वारा घेत होता. हे सगळं कशासाठी, तर दोन आडव्या रेघांसाठी. बरोबरच्या चिन्हासाठी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण ते वरच्या मजल्यावर होते, आधी खाली जोडणीच्या टेबलावर पडले असते.

त्यांनी गुपचूप त्या दोन रेघा घातल्या. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते तयार पॅकेज अजून होतंच. त्यातून प्रोग्राम काढायला अकरा सेकंद लागले. तो त्यांनी एका काट्यात भरला, एक किलोचं पितळी वजन ठेवलं आणि काट्याने स्वच्छ दाखवलं, एक किलो.

आता उठायचं आणि साहेबांना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. खरंच ठरवलं. ते उठलेही. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि साहेब बेकरीवाल्या बाईंना घेऊनच वर आले. बाईंच्या हातात भलामोठा खोका होता.

"हेच का ते?" बाई म्हणाल्या. "पाच दिवस आमच्यापायी राबताय, म्हणून म्हटलं तोंड गोड करून यावं. झालं का हो काम?"

"म्हणजे तसं झालं," अचूकराव म्हणाले, "पण त्याचं असं आहे की..."

"झालं!" साहेब ओरडले. त्यांनी खोका उघडून केक काट्यावर ठेवला. एक किलो. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. "बघा! घरच्या कंपायलरची करामत!"

अचूकरावांनी बोलायला तोंड उघडलं आणि बाईंनी त्यात केकचा तुकडा घातला. त्यांनी तो कसाबसा गिळून पुन्हा तोंड उघडलं तर दुसरा तुकडा आला. केक फार चांगला होता, त्यामुळे तर त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे पडद्यावर बांधकाम एकसष्ट टक्क्यांवर रेंगाळत होतं. ते काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी, ताईंकडे तपासणीला न जाता, तो प्रोग्राम अकराही दुकानांत पोचला.

नंतर सांगू, असं अचूकरावांनी स्वतःला बजावलं. पण न सांगितलेली गोष्ट दिवसागणिक जड होत जाते, आणि ते वजन दाखवणारा काटा साहेबांच्या कारखान्यात बनत नव्हता. सोमवारी दारावर नवा बोर्ड लागला, 'आमच्या काट्यांत घरचाच कंपायलर'. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. निदान तेवढा तरी आधार मिळेल म्हणून अचूकरावांनी तो तीनदा वाचला.

बुधवारी साहेब हसत हसत आले. "त्या पॅकेजवाल्याला मी झाडला बरं का. तुमच्याच नावाने मेल टाकला. म्हटलं, तुमच्या पॅकेजमुळे आमच्या गिऱ्हाइकाचा केक हवेत गेला, शरम वाटत नाही का?"

"माझ्या नावाने?"

"तुमचं नाव भारदस्त वाटतं."

शुक्रवारी उत्तर आलं. अचूकरावांना वाटलं होतं, चार शिव्या असतील. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. पॅकेजवाल्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'आपल्याला आणि बेकरीवाल्या बाईंना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. नोकरी सांभाळून मी हे पॅकेज अकरा वर्षं फुकट बांधतोय. चूक माझीच असणार. दोन दिवस रजा काढून शोधतोय, वजनाचा सेन्सरही विकत आणला, पण अजून सापडत नाही. ती सापडेपर्यंत कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून पॅकेज मागे घेतलंय. कृपया मला थोडा वेळ द्यावा.'

अचूकरावांनी मेल बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. एक भला माणूस त्यांच्या दोन रेघा शोधायला आपली रजा खर्च करत होता.

दुपारी साहेबांना दुसरा फोन आला. इस्पितळांसाठी बाळांचे वजनकाटे बनवणारी एक कंपनी होती. पॅकेज अचानक मागे घेतल्यामुळे त्यांचं काम अडलं होतं. तुमच्याकडे घरचा कंपायलर आहे असं कळलं, तो मिळेल का, असं ते विचारत होते.

"देतो म्हटलं," साहेबांनी छाती फुगवून सांगितलं. "सोमवारी. इस्पितळाचं काम आहे, पुण्यही लागेल."

निदान खोट्याचं खरं करून दाखवू, म्हणून शनिवारी अचूकरावांनी एकट्याने ऑफिसात बसून पुन्हा सगळं बांधायला घेतलं. संध्याकाळी पाच वाजता ब्याण्णव टक्के झाले आणि तीच लाल ओळ आली. नऊ वर्षांपूर्वी ज्याचं सुटलं होतं, त्याच्या सात पिढ्यांचा त्यांनी मनातल्या मनात उद्धार केला आणि ते घरी आले.

रविवारी सकाळी त्यांची बायको रात्रपाळी संपवून आली. ती इस्पितळात नर्स होती. अचूकराव स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते आणि दाणे सालींत व साली दाण्यांत टाकत होते.

"काय झालंय?" तिने चपला काढता काढता विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. सांगायला पाऊण तास लागला, कारण मधे मधे ते कंपायलर कसा बांधतात याकडे वळत आणि ती त्यांना ओढून पुन्हा केकवर आणे.

"म्हणजे थोडक्यात," ती शेवटी म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. चूक तुमची, आळ त्या माणसावर, आणि केक पोटात."

"अगदी असंच नाही..."

"अगदी असंच आहे. आमच्या वॉर्डात एखादीने चुकीची गोळी दिली तर आम्ही काय शिकवतो, माहितीये? आधी सांगायचं. रडायचं असेल तर नंतर रडायचं. तो माणूस रजा काढून बसलाय हो तिकडे! आधी त्याला लिहा."

अचूकराव लिहायला बसले. तासाभराने त्यांनी लॅपटॉप पुढे केला. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"'सदर प्रकरणी तुलनात्मक चिन्हाच्या निवडीबाबत काही अंशी संदिग्धता राहिल्याचे निदर्शनास आले असून...'" ती थांबली. "शुद्धलेखन छान आहे. कबुली कुठाय?"

"तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसऱ्या परिच्छेदात हवामान आहे."

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला नाही, त्यांच्याकडेच ढकलला आणि मटारचे दाणे-साली निवडत समोर बसून राहिली. अचूकरावांनी सगळं पुसलं. मग त्यांनी दोन वाक्यं लिहिली. 'चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती, तुमच्या पॅकेजमध्ये नव्हती. हे मला आठवडाभर आधीच कळलं होतं आणि मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.' त्यांनी पाठवायचं बटण दाबलं. अशी लाज त्यांना शाळेत कॉपी करताना धरलं तेव्हाही वाटली नव्हती, आणि त्या कॉपीबद्दल त्यांनी बायकोला आजवर सांगितलंही नव्हतं. तेही त्यांनी त्या झोकात सांगून टाकलं.

सोमवारी ते ऑफिसात पोचले तेव्हा साहेब, ताई, जोडणीवाला आणि हिशेबनीस अशी सगळी मंडळी होती. अचूकराव खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"साहेब, आपल्याकडे घरचा कंपायलर नाही. तो कधी बांधून झालाच नाही. ब्याण्णव टक्क्यांच्या पुढे मला जमलं नाही. दोष पॅकेजचा नव्हता. माझ्या प्रोग्राममध्ये बरोबरचं एक चिन्ह राहिलं होतं, ते मी घातलं. बाकी मी काहीही केलेलं नाही. केक मात्र खाल्ला."

साहेबांनी विचारलं, "मग माझा कॉम्प्युटर पाच दिवस कशाला घेतला होता?"



ताई उठल्या. त्यांनी आपल्या फायलीतून एक चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे मी त्या पहिल्या सोमवारीच तुम्हाला दिलं होतं." चिठ्ठीत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शुन्य फक्त एक किलोलाच येतं. बरोबर हजारचं काय करायचं ते लिहायचं राहीलं असेल का?' 'शुन्य'मधला उकार आणि 'राहीलं'मधली वेलांटी लाल शाईने दुरुस्त केलेली होती. खाली अचूकरावांची सही होती.

कुणी हसलं नाही. जोडणीवाला खिडकीबाहेर पाहू लागला. अचूकरावांना वाटलं, यापेक्षा सगळे खो खो हसले असते तर फार बरं झालं असतं.

"ताई," ते म्हणाले, "मी वाचलंच नव्हतं. नुसतं तपासलं."

"माहितीये," ताई म्हणाल्या. "म्हणून तर जपून ठेवलं." मग त्यांनी विचारलं, "आता माझा कॉम्प्युटर मिळेल का?"

साहेब रागावले नाहीत. त्यांनी एक स्टूल मागवलं, स्वतः त्यावर चढले आणि दारावरचा बोर्ड उतरवू लागले. स्टूल डगमगत होतं. ते धरून अचूकराव खाली उभे राहिले आणि येणारे-जाणारे त्या दोघांकडे पाहत गेले. बाळांच्या काट्यांच्या कंपनीला फोन मात्र साहेबांनी अचूकरावांनाच करायला लावला. तिकडचा माणूस सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमच्या दोन रेघांपायी आमचा कारखाना तीन दिवस बंद आहे?" "हो," अचूकराव म्हणाले. त्यापुढे ते दहा मिनिटं नुसते ऐकत होते.

बुधवारी पॅकेजवाल्या गृहस्थांचं उत्तर आलं. ते उघडायला अचूकरावांनी सकाळची दुपार केली. शेवटी ताईंनीच त्यांच्या वतीने क्लिक केलं.

'तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं,' गृहस्थांनी लिहिलं होतं. 'पण आता मीही एक सांगतो. तुमची चूक शोधण्याच्या नादात मी माझं बांधकाम अकरा वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून वाचलं. तुमची चूक सापडली नाही, पण माझ्या तीन सापडल्या. त्यातली एक नऊ वर्षांची आहे. मूळ कोडासोबतच्या माझ्या सूचनांत ती होती; स्वतः बांधायला जाणारे ब्याण्णव टक्क्यांवर अडतात ते तिच्यामुळेच. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की, एवढा खटाटोप कशाला, तयार पॅकेज बसवा. दुरुस्त केलेलं नवं पॅकेज आज सोडलंय. त्यात तुमचे नावानिशी आभार मानलेत.'

अचूकरावांनी तातडीने उलट लिहिलं, 'कृपया नाव काढा.' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'आता कसं काढणार? आतापर्यंत चार हजार ठिकाणी बसलं.'

नवं पॅकेज त्यांनी ऑफिसात सगळ्यांसमोर बसवलं. चाळीस सेकंद लागले. शेवटी पडद्यावर ओळ उमटली, 'एक किलोची चूक निदर्शनास आणून दिल्याबद्दल विशेष आभार,' आणि पुढे अचूकरावांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे चार हजार पडदे उभे राहिले. साहेबांचा चेहरा मात्र दोन दिवसांनी खुलला.

"अरे वा! हे बाईंना कळवायलाच पाहिजे," म्हणत त्यांनी फोन उचलला.

"साहेब, नको," अचूकराव काकुळतीला येऊन म्हणाले. "द्या, मीच बोलतो. त्यांना खरं सांगायचं राहिलंय." त्यांनी फोन घेतला, एक मोठा श्वास घेतला आणि बाईंना सगळं सांगितलं. कंपायलर, दोन रेघा, केक, काहीही न गाळता.

"मला त्यातलं काही कळलं नाही," बाई म्हणाल्या, "पण माणूस चुकतो हो. मनाला लावून घेऊ नका. एक किलोला आता अगदी झकास दाखवतोय काटा." "बरं झालं, तुम्हीच फोन केलात. आत्ताच दुकानातून मुलगी सांगत होती, आज पहिल्यांदाच दोन किलोच्या केकची ऑर्डर आली. तो ठेवला तर म्हणे शून्य आलं."

दोन किलोच्या वर काटा पाचऐवजी दहा-दहा ग्रॅमने मोजतो. ती ओळही अचूकरावांनी त्याच दिवशी, त्याच घाईत लिहिलेली होती, आणि बरोबर दोन किलोचं काय करायचं ते तिच्यातही सांगायचं राहिलं असणार. त्यांनी मान वळवून पाहिलं. ताईंनी आपल्या काट्यावर दोन किलोचं पितळी वजन केव्हाच ठेवलं होतं. काट्यावर शून्य होतं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. मग पडद्याकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. "नवं पॅकेज आजच बसवलंय, नाही का? त्याचीच काहीतरी चूक असेल."

किती सोपं होतं! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. अचूकरावांनी पडद्यावरच्या त्या आभारांच्या ओळीकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि फोनवर हात ठेवला.

"नाही साहेब," ते म्हणाले, "माझीच आहे. या वेळेला शोधायला पाच दिवस लागणार नाहीत, एवढंच."